ऐरोलीच्या खाडीत, तिथी पाहून

ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याची सहल ठरवायची तर आधी पंचांग उघडावं लागतं. आमच्या साताऱ्याकडच्या महाविद्यालयात हे कुणाला पटेना. सहलीच्या अर्जात निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, जेवणाची वेळ असे रकाने असतात. भरतीचा रकाना नसतो. पण ऐरोलीची बोट पाण्यावर सुटते. खाडीत पुरेसं पाणी नसेल तर बोट गाळात बसते, आणि पाणी पूर्ण चढलं की पक्ष्यांना उभं राहायला चिखल उरत नाही, ते उठून दुसरीकडे जातात. कामाची वेळ मधली. ती रोज पुढे सरकते, म्हणून बोटीच्या वेळाही रोज बदलतात.

किनाऱ्यावरच्या लोकांचा यासाठी एक जुना हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. प्रतिपदेला पाऊण वाजता, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. वर्गात मी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा बीएस्सीच्या मुलांना गंमत वाटली, मग त्यांनीच त्यामागचं गणित सोडवलं. एका पंधरवड्यात भरतीची वेळ सुमारे बारा तास पुढे जाते. बारा तासांना पंधरा तिथींनी भागलं की रोजची अठ्ठेचाळीस मिनिटं येतात, म्हणजे पाऊण तासाच्या अगदी जवळ. पंधरवडा संपता संपता हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने मागे पडतो. नेमकी वेळ हवी तर छापील कोष्टकं असतातच. पण होडीत बसलेल्या माणसाला कोष्टक लागत नाही, तिथी पुरते.

आम्ही निवडली ती माघ वद्य चतुर्थी. भरती दुपारी तीनच्या सुमाराला, त्यामुळे सकाळी नऊच्या आसपास पूर्ण ओहोटी, कोळ्यांच्या भाषेत सुकती. सकाळी उघडा चिखल आणि तिवरांची मुळं पाहायची, दुपारी चढत्या पाण्यावर बोटीत बसायचं. एवढी सोयीची तिथी सापडल्याच्या आनंदात ती संकष्टी आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बसमध्ये निम्मे डबे साबुदाण्याच्या खिचडीचे निघाले.

आमची मुलं देशावरची. कृष्णा, वेण्णा, उरमोडी पाहिलेली. नदीचं पाणी एका बाजूने येतं आणि दुसऱ्या बाजूला जातं, ही त्यांची पाण्याबद्दलची समज. दिवसातून दोनदा उलटं वाहणारं पाणी त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, पण सहा तास काठावर थांबून पाहिलं नव्हतं. या सहलीचा माझ्या लेखी मुख्य हेतू तो होता. फ्लेमिंगो हे मुलांना बसमध्ये बसवण्याचं निमित्त.

ऐरोलीत शिरताना अभयारण्य जवळ आलंय असं कशावरूनही वाटत नाही. एका बाजूला माहिती तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारती, दुसरीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यातले जुने कारखाने, वर विजेच्या उच्चदाबाच्या तारा, आणि पुलावरून मुलुंडकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग. पुलाच्या जवळच कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. राज्याच्या वनविभागात कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष २०१२ मध्ये निघाला, हे केंद्र २०१७ पासून सुरू आहे. बोटी इथल्याच धक्क्यावरून सुटतात.

नकाशा आधी समजून घ्यावा लागतो. ठाणे खाडी सुमारे सव्वीस किलोमीटर लांब आहे. उत्तरेला ठाण्याजवळ ती एका अरुंद प्रवाहाने उल्हास नदीशी जोडलेली आहे, दक्षिणेला रुंद होत होत मुंबई बंदरात आणि मग अरबी समुद्रात मिळते. पश्चिमेला मुलुंड, भांडुप, कांजूर, विक्रोळी. पूर्वेला ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी. ऐरोली आणि वाशी या दोन पुलांच्या मधला, मुख्यतः पश्चिमेच्या काठाचा पट्टा ऑगस्ट २०१५ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र जवळपास सतरा चौरस किलोमीटर, त्यात नऊच्या आसपास कांदळवन आणि बाकी पाणी. १९८७ च्या मालवणनंतर राज्यातलं हे दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत गेली. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातलं ते तिसरं नाव.

केंद्रातले तक्ते, मासे आणि खेकड्यांच्या टाक्या यांत अर्धा तास गेला. त्या चांगल्या आहेत, पण ओहोटी टाकीसमोर घालवण्यात अर्थ नव्हता. आम्ही लाकडी पायवाटेवर गेलो.

तिवरांत शिरल्यावर प्रथम जाणवतो तो वास. सडक्या अंड्यांचा. मुलींनी ओढण्या नाकाला लावल्या, आणि शहराची घाण म्हणून काहींनी निकालही देऊन टाकला. तो वास सगळाच शहराचा नसतो. चिखल इतका बारीक आणि घट्ट असतो की बोटभर खाली प्राणवायू पोचत नाही. तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. माणसं इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून खाडीला हा वास आहे.

याच कारणाने झाडांना मुळं वर काढावी लागतात. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून वीतभर उंचीच्या शेकडो काड्या वर आलेल्या दिसतात, त्या त्याच्या श्वसनमुळ्या. ओहोटीच्या काही तासांत त्या हवा घेतात, भरतीत बुडून बसतात. या काड्यांवर भराव पडला, प्लास्टिकची चादर बसली किंवा बांध घालून पाणी कायमचं साचलं की झाड उभ्या उभ्या मरतं. कांदळवन मारायला कुऱ्हाड लागत नाही, हे मुलांना एवढ्या एका काडीवरून समजलं. जिथे तिवर तोडता येत नाही तिथे पाणी अडवलं जातं, असे प्रकार याच पट्ट्यात वारंवार उघडकीला आले आहेत.

बरोबर केंद्रातली मार्गदर्शक ताई होती. तिने तिवराचं एक पान उलटं करून दाखवलं आणि म्हणाली, चाटून बघा. आधी कुणी पुढे येईना. मग एकाने जीभ लावली आणि त्याचा चेहरा पाहून सगळे पानांवर तुटून पडले. पान खारट असतं, कारण तिवर मुळांनी घेतलेलं जास्तीचं मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. उन्हात ते कण डोळ्यांनाही दिसतात. कांदळाची रीत निराळी. तो मीठ मुळाशीच बऱ्यापैकी अडवतो आणि बुंध्यापासून कमानदार आधारमुळं टाकून उभा राहतो. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, हातभर लांब हिरवा कोंब खाली लोंबत राहतो आणि तयार झाला की सुटून पडतो. सुकतीला पडला तर चिखलात रुतून बसतो, भरतीला पडला तर तरंगत दुसरीकडे जाऊन रुजतो. पांढरी चिपीही इथे भेटते. २०२० मध्ये महाराष्ट्राने तिला राज्य कांदळवृक्ष केलं. तिची फुलं रात्री उमलतात, त्यामुळे आम्हाला फक्त फळं दिसली. काट्यांच्या पानांची मारांडी पायवाटेच्या कडेने भरपूर होती. काजळाही होता. हुऱ्याचा चीक डोळ्यांना फार वाईट, म्हणून त्या बाजूला ताईने कुणाला फांदी धरू दिली नाही.

माझ्या मते या सहलीचा सगळ्यात भरीव तास हाच, आणि बहुतेक सहलींत तो बोटीच्या घाईत बुडतो. बोटीची रांग लागली की पायवाट पाच मिनिटांत उरकतात. आमचं तसं झालं नाही, याचं श्रेय चतुर्थीला.

चिखलात पाहायला खूप होतं, फक्त थांबावं लागतं. पावलं वाजली की सगळं बिळात. दोन-तीन मिनिटं गप्प उभं राहिलं की एकेक जण बाहेर येतो. आधी लहान खेकडे. फिडलर खेकड्याच्या नराचा एक नांगा अवाढव्य, दुसरा चिमुकला. मोठा नांगा तो हवेत वर-खाली करत माद्यांना बोलावतो आणि दुसऱ्या नरांना दटावतो. खाण्याचं काम एकट्या लहान नांग्यावर. मादीचे दोन्ही नांगे लहान, त्यामुळे तिचं खाणं दुप्पट वेगाने चालतं. मुलींनी हे विशेष आवडीने टिपून घेतलं. मग निवट्या आल्या. मासा असून त्या चिखलावर पुढच्या परांनी सरकतात, उड्या मारतात, भांडणात पाठीचा पर ताठ उभा करतात. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवायचं आणि ओल्या कातडीतून श्वास घ्यायचा, या दोन गोष्टींवर त्यांचा सुकतीतला वेळ निघतो. आमच्या बोटीवरचे नाखवा पुढे म्हणाले की निवटीचं कालवण भाताबरोबर खावं. संकष्टीवाल्यांनी कानांवर हात ठेवले.

कोल्हा मात्र दिसला नाही. या तिवरांत कोल्हे आहेत. दोन्ही काठांवर ते नोंदले गेले आहेत आणि पहाटे कधीमधी रस्त्यावरही येतात. ताईने ओल्या चिखलातले ठसे दाखवले. ते कोल्ह्याचे की काठावरच्या कुत्र्यांचे यावर मुलांत बराच वाद झाला, आणि तो मी मिटवला नाही.

दुपारी पाणी चढू लागलं. सकाळी ज्या चिखलावर खेकडे होते तिथे गुडघाभर पाणी, आणि प्रवाह ठाण्याच्या दिशेने, म्हणजे उलटा. एका मुलाने पाण्यात काडी टाकली आणि ती जमिनीच्या दिशेने आत वाहत जाताना तो पाहत राहिला. त्या काडीच्या मागे पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलचे तुकडे, एक चप्पल असं सगळं वर चाललं होतं. ओहोटीबरोबर ते परत खाली येणार होतं. समुद्रात जाण्याआधी कचरा खाडीत असा किती फेऱ्या मारतो याचा विचार आपण करत नाही. त्यातला बराचसा तिवरांच्या मुळांत अडकतो आणि तिथेच राहतो.

नाखवा जवळच्या कोळीवाड्यातले, साठीच्या घरातले. मुलं त्यांना काका म्हणू लागली. लहानपणी ते वडिलांबरोबर याच खाडीत बोक्शी लावायला आणि पाग टाकायला येत. जिताडा, बोईट, कोळंबी, चिंबोरी, कालवं, सगळं मिळायचं असं सांगत होते. "आता जाल्यात मासली कमी नि पिशव्या जास्त," असं एकदा म्हणाले आणि इंजिन चालू केलं. साठच्या दशकात पूर्वेच्या काठावर औद्योगिक पट्टा उभा राहिला, मग नवी मुंबई वसली, दोन्ही बाजूंचं सांडपाणी खाडीत येऊ लागलं. ज्यांचं पोट खाडीवर होतं त्यांच्यातले काही आता पर्यटकांच्या बोटी चालवतात. त्याला रोजगारनिर्मिती म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण ज्याच्या हाती जाळं होतं त्याच्या हाती सुकाणू देणं ही भरपाई आहे, तिला भरपाईच म्हणावं.

बोट मधल्या प्रवाहातून दक्षिणेला निघाली. आधी दिसले ते विजेच्या खांबांवर बसलेले पाणकावळे, मग कुरव आणि सुरय. पश्चिमेच्या कडेला चिखलाची लांब पट्टी अजून उघडी होती, तिच्यावर बारीक किनारपक्ष्यांची दाटी. तुतारी, चिखल्या, टिलवे ओळखताना माझीही तारांबळ उडते, तेव्हा मुलांना मी फक्त चोची पाहायला सांगितल्या. आखूड चोच वरवरचं टिपते. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याची लांब सरळ चोच खोल जाते. उचाट्याची वर वळलेली चोच पाण्यात आडवी फिरते. एकाच चिखलात एवढे पक्षी भांडल्याविना कसे जेवतात, त्याचं उत्तर त्या चोचींत आहे. यांतले बरेच सैबेरिया आणि मध्य आशियाकडून येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत जातात.

आणि मग ती गुलाबी रेघ. लांबून ती पक्ष्यांची वाटत नाही. नाखवांनी इंजिन बंद केलं, पाण्यानेच बोट थोडी पुढे सरकू दिली आणि बांबू रोवून थांबवली. रोहित, अग्निपंख, फ्लेमिंगो, काहीही म्हणा. एका नजरेत हजारो. बहुतेक लहान जातीचे, अडीच-तीन फूट उंचीचे, गडद तांबड्या चोचीचे. मध्येमध्ये मोठे, चार-पाच फुटी, फिकट अंगाचे, गुलाबी चोचीला काळं टोक. मान खाली सोडून डोकं उलटं पाण्यात घातलेलं, आणि त्या स्थितीत सावकाश पुढे चालणं. ताक गाळावं तसं ते पाणी गाळतात. जीभ पंपासारखी मागेपुढे होते, चोचीतल्या बारीक दात्यांत अन्न अडकतं, पाणी बाहेर पडतं. लहान फ्लेमिंगोची गाळणी फार बारीक, त्याचं खाणं मुख्यतः नीलहरित शेवाळ आणि डायटम. मोठ्याची जाडसर, तो बारीक कवचधारी प्राणी, अळ्या, किडे खातो. रंगही याच जेवणातला. शेवाळात आणि ते खाणाऱ्या जिवांत जी कॅरोटिनॉइड असतात, ती पिसांत उतरतात. पिल्लू राखाडी जन्मतं आणि गुलाबी व्हायला काही वर्षं घेतं, त्यामुळे थव्यात मळकट राखी दिसणारे पक्षी हे आजारी नसून अल्पवयीन असतात.

बोटीत मोबाइल वर झाले होते. ते मी चालू दिलं. थोड्या वेळाने आपोआप खाली आले, कारण एवढ्या अंतरावरून मोबाइलमध्ये गुलाबी ठिपक्यांपलीकडे काही येत नाही. दुर्बिणी चारच होत्या, त्यांच्यावर मात्र झुंबड. थव्याची मोजणी करायला सांगितली. शंभर पक्ष्यांचा एक तुकडा डोळ्यांत धरायचा, असे किती तुकडे बसतात ते पाहायचं. अंदाज चार हजारांपासून अकरा हजारांपर्यंत आले. मुंबई परिसरात हंगामातली एकूण संख्या गेल्या काही वर्षांत लाखाच्या पुढे गेल्याचं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या गणनेतून पुढे आलं आहे. १८८३ पासून काम करणारी ही संस्था. तिने २०२२ मध्ये इथल्या सहा फ्लेमिंगोंना उपग्रहाशी जोडलेले टॅग लावले. त्यांतल्या एकाचं नाव ठेवलं 'नवी मुंबई'. पावसाळ्याच्या सुमाराला हे पक्षी गुजरातकडे सरकतात. कच्छच्या रणात पाणी भरलं की तिथे चिखलाचे उंचवटे करून घरटी घालतात. इथे ते येतात ते साधारण नोव्हेंबर ते मे, निव्वळ जेवायला.

परतीच्या वाटेवर एका मुलीने विचारलं, "सर, इथेच का? एवढ्या घाणीत?"

खाडीच्या दक्षिणेकडे, शिवडीच्या दलदलीत फ्लेमिंगो मोठ्या संख्येने दिसू लागले १९९० च्या दशकात. जे कारण अभ्यासक पुढे ठेवतात ते ऐकायला सुखाचं नाही. शहराच्या मैलापाण्यातून खाडीत नायट्रोजन आणि फॉस्फरस येतात, त्यांवर शेवाळ माजतं. खाडी गाळाने उथळ होत गेली, चिखलाची पठारं वाढली. उथळ पाणी, मऊ गाळ, भरपूर शेवाळ, आणि भोवती तिवरांचा आडोसा. फ्लेमिंगोला यापेक्षा जास्त काही लागत नाही. म्हणजे आपल्या मोऱ्यांचं पाणी आणि ही गुलाबी रेघ यांचा थेट संबंध आहे.

लगेच पुढचा प्रश्न आला, आणि तो मला अपेक्षित नव्हता. "मग पाणी शुद्ध करून सोडलं तर ते जातील?"

काही कदाचित कमी होतील, असं मी म्हटलं. बोटीत एकदम शांतता झाली, कारण पर्यावरणाच्या धड्यात असं उत्तर नसतं. पण त्याच पाण्यातून कारखान्यांचे जड धातूही येतात, ते गाळात बसतात आणि खाणाऱ्याच्या अंगात साठतात. शेवाळ अती झालं की सडतं, सडताना पाण्यातला प्राणवायू खातं, मासे मरतात. लहान फ्लेमिंगोला जे मानवतं ते जिताड्याला मानवत नाही. फ्लेमिंगोंची वाढती संख्या पाहून खाडी निरोगी आहे असा दाखला देणारे लोक मला म्हणून खटकतात. वृत्तपत्रांत दरवर्षी गुलाबी छायाचित्रं छापून येतात आणि शहराला आपण निसर्गाची फार काळजी घेतो असं वाटू लागतं. खाडीची तब्येत विचारायची तर ती नाखवांच्या जाळ्याला विचारावी.

दुसरी गोष्ट हद्दीची. तीनच्या सुमाराला चिखलाची पट्टी बुडाली आणि थवा उठला. पंखांची लाल-काळी उघडझाप क्षणभर दिसली, आणि थवा पूर्वेकडे गेला. भरतीच्या त्या काही तासांत त्यांना उथळ, निवांत पाणी लागतं. ते मिळतं नेरूळ-सीवूड्सच्या बाजूच्या पाणथळ जागांत, आणि त्या अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. सुकतीला जेवायची जागा राखली आणि भरतीला थांबायची जागा बांधकामाला दिली, तर राखलेल्या जागेचाही उपयोग राहत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या एका तळ्यात भरतीचं पाणी येण्याचे मार्ग बंद झाल्यावरून मोठा गदारोळ झाला, काही पक्षी मेले. त्याच वर्षी २० मेच्या रात्री घाटकोपरवर एका उतरत्या विमानाला थवा धडकला आणि तीसहून अधिक फ्लेमिंगो मेले. पुढच्या वर्षी राज्य वन्यजीव मंडळाने नेरूळच्या त्या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. उशीर झाला, पण दिशा बरोबर आहे.

बोटीतून मुलांना मी सगळं दाखवलं, फक्त पक्षी नव्हे. पश्चिमेला कांजूरच्या कचराभूमीवर घिरट्या घालणाऱ्या घारी. भांडुपच्या मिठागरांचे बांध, ज्यांवर घरं उभारावीत की नाही याचा वाद संपत नाही. खाडीच्या तळाखालून बुलेट ट्रेनचा सात किलोमीटरचा बोगदा होतो आहे. दक्षिणेला शिवडीच्या दलदलीवरून जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू. पक्ष्यांच्या भागात त्याला आवाज अडवणारे पडदे आहेत. यातलं प्रत्येक काम करताना बदली झाडं लावण्याची अट असते. लावतातही. पण गाळ, पाणी आणि उतार जुळल्याशिवाय कांदळवन जगत नाही, आणि तिवराची रोपं भलत्या ठिकाणी खोचून झालेल्या लागवडीची छायाचित्रं मी पुष्कळ पाहिली आहेत. इथल्या तिवरांना खरं संरक्षण दिलं ते न्यायालयाने. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीला अंतरिम बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात राज्यभरात कांदळवनं आणि त्यांच्याभोवतीचा पन्नास मीटरचा पट्टा राखण्याचा आदेश दिला. कांदळवनाचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला, अशी त्यामागची भूमिका. पुराचं पाणी झेलायला कांदळवनं लागतात, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, ते मुंबईकर विसरलेले नाहीत. आमच्या मुलांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, तो आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला.

धक्क्यावर परतलो तेव्हा पाणी पायऱ्यांना लागलं होतं. नाखवांनी मुलांना उद्याची भरती विचारली. पंचमी, पाचाची पाऊणपट. तीनचार जणांनी एकदम उत्तर दिलं, पावणेचार. बरोबर निघालं. महाविद्यालयात परतल्यावर मी अहवालात पक्ष्यांची यादी मागितली नाही, एकच प्रश्न दिला: सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात तुमच्या समोरची एक चौरस मीटर जागा कशी बदलली? उत्तरं असमान आली. काहींनी संकेतस्थळांवरून उतरवलं होतं, ते दोन ओळींत कळतं. पण एकाने फक्त एका श्वसनमुळीवर पाणी किती बोटं चढलं ते दर अर्ध्या तासाने लिहून ठेवलं होतं आणि शेवटी आलेख काढला होता. त्याला मी पूर्ण गुण दिले.

कुणी शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन जाणार असतील तर थोडं सांगतो. नोव्हेंबर ते मे हा हंगाम, त्यात जानेवारी ते एप्रिल चांगला. बोटीची जागा आधी राखावी लागते आणि वेळ केंद्राकडूनच विचारून घ्यावी. ओहोटी सकाळी आणि भरती दुपारी येईल अशी तिथी निवडा. शुद्ध असो वा वद्य, तृतीया-चतुर्थीच्या आसपास ती सापडते. भडक कपडे नकोत. टोपी, पाणी आणि शक्य तितक्या दुर्बिणी न्या, नसतील तर शेजारच्या महाविद्यालयाकडून मागून आणा. बोट थव्याच्या अगदी जवळ नेण्याचा हट्ट धरू नका, उठवलेल्या पक्ष्याचा जेवणाचा वेळ जातो. बोटीचे पैसे परवडत नसतील तर हार्बर मार्गावर शिवडीला उतरून जुन्या धक्क्यापर्यंत चालत जाता येतं, तिथून चिखल काठावरूनच दिसतो. मात्र शिवडी आणि ऐरोली एकाच दिवसात उरकायला जाऊ नका. एका ओहोटीत एकच काठ नीट पाहून होतो.